नाव वाचू नका, तबली पाहा



जुनी वस्तू घ्यावी की नवी, हा प्रश्न आपल्या गटाच्या बैठकीत वर्षातून दोन-तीनदा तरी निघतोच. शिलाई मशीन असो, मिरची कांडायचं यंत्र असो, नाहीतर भजनी मंडळाची पेटी असो. नवीची किंमत ऐकली की आपण म्हणतो, जुनी बघू. मग कोणीतरी सांगतं की अमक्या कंपनीची आहे, डोळे झाकून घ्या. आज मला या ‘डोळे झाकून घ्या’बद्दल बोलायचं आहे. त्यासाठी मी तुम्हाला एका परदेशी वाद्याची गोष्ट सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, ही बाई आज कुठे निघाली! पण जरा ऐका. जुनी वस्तू कशी पारखावी, हे या वाद्याइतकं चांगलं शिकवणारी दुसरी गोष्ट मला सापडली नाही.

वाद्याचं नाव हार्पसिकॉर्ड. दिसायला लांबट, तीन पायांच्या किंवा चौकटीच्या घडवंचीवर ठेवलेली पेटी. पुढे पट्ट्या असतात, आपल्या भजनाच्या पेटीला असतात तशाच, काळ्या आणि पांढऱ्या. पण आतलं काम अगदी वेगळं. आपल्या पेटीत भाता असतो. त्याची हवा पितळी सुरांवरून जाते आणि आवाज येतो. हार्पसिकॉर्डमध्ये हवा नाही, भाता नाही. आत तारा ताणलेल्या असतात, सतारीला असतात तशा. सतार वाजवणारा बोटात नखी घालून तार छेडतो. इथे प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकावर लाकडाची एक चपटी उभी काडी असते, तिला जॅक म्हणतात. त्या काडीला बारीकशी नखी बसवलेली असते. पट्टी दाबली की काडी वर उचलली जाते आणि नखी तार छेडते. पट्टी सोडली की काडी खाली येते, तिच्यावरचा कापडाचा तुकडा तारेवर टेकतो आणि आवाज थांबतो. पूर्वी ही नखी पक्ष्याच्या पिसाच्या देठाची करायचे, बहुधा कावळ्याच्या जातीच्या पक्ष्याच्या. आता बरेच जण प्लास्टिकची वापरतात.

या रचनेमुळे एक गंमत होते. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळजवळ तेवढाच येतो. नखीने तार छेडली की तिचं काम संपलं. त्यामुळे वाजवणाऱ्याला जोर लावून भागत नाही. सूर किती वेळ धरायचा, कुठे श्वास घ्यायचा, कुठे छोटी हरकत घ्यायची, यावर सगळी गोडी. म्हणून वाद्याचा मूळ आवाजच चांगला असावा लागतो. तो वाईट असेल, तर वाजवणाऱ्याची कला त्याला किती सांभाळून घेणार?

आता ‘फ्लेमिश’ म्हणजे काय ते सांगते. युरोपात बेल्जियम नावाचा छोटा देश आहे. त्याच्या उत्तर भागाला फ्लँडर्स म्हणतात आणि तिथलं ते फ्लेमिश. तिथलं अँटवर्प हे बंदराचं शहर आज हिऱ्यांच्या बाजारासाठी ओळखलं जातं. साडेचारशे वर्षांपूर्वी मात्र ते या वाद्यांसाठीही नावाजलेलं होतं. 1557 साली तिथल्या दहा वाद्य बनवणाऱ्यांनी मिळून एक अर्ज केला. शहरात संत ल्यूक यांच्या नावाचा चित्रकारांचा संघ होता. आम्हालाही वाद्यांचे कारागीर म्हणून या संघात घ्या, असं त्यांनी मागितलं. पुढच्या वर्षी त्यांना घेतलं. मात्र नियम झाले. त्यातला एक असा, की प्रत्येकाने आपल्या वाद्यावर आपली खूण उमटवायची. म्हणजे माल कुणाच्या हातचा हे गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे. आपण गटाच्या मसाल्याच्या पाकिटावर गटाचं नाव छापतो, त्यातलाच हा प्रकार.

या शहरातलं सगळ्यांत गाजलेलं घराणं म्हणजे रुकर्स. हान्स रुकर्स 1579 साली त्या संघाचा सभासद झाला. त्याची मुलं योआन्नेस आणि आंद्रेआस यांनी तेच काम चालवलं. हान्सच्या मुलीचा मुलगा, त्याचं आडनाव कुशे, तो मामाच्या हाताखाली शिकला आणि त्यानेही नाव मिळवलं. या घराण्याची खूण फार देखणी होती. वाद्याच्या तबलीला एक गोल भोक ठेवायचं. त्यात शिसं आणि कथील ओतून केलेलं, सोन्याचा मुलामा दिलेलं फूल बसवायचं. त्या फुलात हार्प नावाचं तंतुवाद्य वाजवणारा देवदूत आणि त्याच्या दोन बाजूंना कारागिराच्या नावाची दोन अक्षरं. शिवाय पट्ट्यांच्या वर लिहिलेलं असायचं की मला अमक्याने अँटवर्पमध्ये बनवलं. वाद्यच बोलतंय असं वाटावं.

तबली हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. आपल्या मिरजेत सतार आणि तंबोरे बनतात, ते तुम्हाला माहीत असेल. शस्त्रांना धार लावणारी शिकलगार मंडळी दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी या कामाकडे वळली आणि मिरज वाद्यांचं गाव झालं. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर जी लाकडाची पातळ फळी बसवतात, ती तबली. घोडीवरून तारेची थरथर तबलीत उतरते आणि तबली ती मोठी करून आपल्या कानापर्यंत पोचवते. हार्पसिकॉर्डमध्येही तसंच. तिथली तबली स्प्रूस नावाच्या झाडाची, थंड डोंगरात वाढणाऱ्या, सुईसारख्या पानांच्या झाडाची. जाडी सुमारे दोन ते चार मिलिमीटर, आणि तीही सगळीकडे सारखी नसते. कुठे किती तासायचं हे कारागिराचा हात ठरवतो. वाद्याचा जीव इथे आहे.

फ्लेमिश वाद्याचं बाकीचं अंग अगदी साध्या लाकडाचं, पॉपलरचं. महागाचं लाकूड नाही. इटलीतले कारागीर सरूच्या लाकडाच्या फार पातळ भिंती करत, बहुतेक पितळी तारा लावत, त्यामुळे त्यांचा आवाज टणकन उठून लवकर विरतो. अँटवर्पच्या वाद्याच्या भिंती जास्त जाड, तारा लांब, वरच्या सुरांना लोखंडी आणि खालच्या सुरांना पितळी. त्यामुळे आवाज भरलेला, स्वच्छ आणि बराच वेळ टिकणारा. एक सूर दाबून धरला तर तो हळूहळू विरत जातो, तुटत नाही. या वाद्याचा पहिला गुण सांगायचा तर हाच. साध्या एका ओळीच्या पट्ट्यांच्या वाद्याला तारांचे दोन संच असत, एक मूळ सुराचा आणि दुसरा वरच्या सप्तकाचा. डबल सुरांच्या पेटीत कसे दोन सूर एकत्र वाजतात, तसंच. हवं तर एकच संच वाजवायचा, हवं तर दोन्ही.

साधं लाकूड असलं तरी सजावट हौसेची. तबलीवर रंगाने फुलं, पाखरं, किडे, फुलपाखरं काढलेली. झाकणाच्या आत आणि पट्ट्यांभोवती छापील नक्षीचे कागद चिकटवलेले. बाहेरून संगमरवरासारखा रंग. एक प्रकार तर ‘आई आणि मूल’ या नावाचाच होता. मोठ्या वाद्याच्या अंगात एक छोटं वाद्य सरकवून ठेवलेलं असे. ते बाहेर काढून आईच्या वर ठेवलं की आईच्या पट्ट्या दाबल्यावर मूलही वाजे. हे ऐकून मला फार मौज वाटली. बनवणारे पुरुष होते, पण नाव ठेवताना त्यांनाही घरच आठवलं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ही वाद्यं जुनी झाल्यावर त्यांचं काय झालं?

पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत संगीत बदललं. जास्त सूर लागायला लागले. रुकर्सच्या वाद्याला बहुतेक चारच सप्तकं, तीही खालच्या टोकाला काही सूर गाळून, पंचेचाळीस पट्ट्यांत बसवलेली. नव्या संगीताला ती अपुरी पडली. आपण म्हणू, मग भंगारात गेली असतील. तसं झालं नाही. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये लोक जुनं रुकर्स शोधत आणि त्यासाठी नव्या वाद्यापेक्षा जास्त पैसे मोजत. मग तिथले कारागीर ते उघडत, अंग रुंद करत, नवीन पट्ट्या बसवत, तारा बदलत, बाहेरून नवा रंग देत. कधी कधी जुन्यातलं फारसं काही उरतच नसे. पण एक गोष्ट ते जपत, ती म्हणजे तबली. शंभर वर्षं सुकलेलं, वाजून वाजून मुरलेलं लाकूड नव्याने करता येत नाही, असं त्यांना वाटे. रुंदी वाढवायची झाली तर तबलीला बाजूने तुकडा जोडत, पण मूळ फळी काढून टाकत नसत.

मैत्रिणींनो, इथे पहिला धडा आहे. प्रत्येक वस्तूत एक भाग असा असतो, की त्यात तिचा जीव असतो. बाकीचं बदलता येतं. तो भाग कोणता, हे आधी कळलं पाहिजे. शिलाई मशीनचा टेबल तुटला तर सुतार करून देईल, पट्टा तुटला तर नवा मिळेल. पण आतला मुख्य दांडा झिजला असेल तर वरचा चकचकीत रंग काय कामाचा? भजनाच्या पेटीचं कापड फाटलं तर बदलता येतं, भात्याची गळतीही बुजवता येते. पण सूरच हलके असतील तर पेटी कधीच गोड बोलणार नाही.

दुसरा धडा जरा कडू आहे. नावाला इतकी किंमत आली की नावाचीच नक्कल होते. पॅरिसमध्येही झाली. रुकर्सचं नाव नसलेल्या वाद्यांवर ते नाव चढलं, खोटी फुलं बसली. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात जुन्या वाद्यांचा मोठा संग्रह आहे. त्यात एक हार्पसिकॉर्ड आहे. ते कुशे घराण्याचं, म्हणजे त्या हान्सच्या नातवाचं आहे, असं बरीच वर्षं मानलं जाई. अभ्यासकांनी बारकाईने पाहिलं तेव्हा कळलं, की ते पॅरिसमधल्या गोरमान्स या कारागिराने 1764 साली बनवलं होतं आणि सुमारे वीस वर्षांनी तास्काँ नावाच्या प्रसिद्ध कारागिराने त्यात फेरफार केले होते. नाव खोटं निघालं. वाद्य मात्र उत्तमच आहे, आजही जाणकार त्याला मान देतात. म्हणजे बघा, खोटं नाव चांगल्या वस्तूवर असू शकतं आणि खरं नाव बिघडलेल्या वस्तूवर. नाव वाचून दोन्हीपैकी काहीच कळत नाही. कळतं ते उघडून पाहिल्यावर.

पुढे पियानो आला. त्यात नखीऐवजी हातोडी तारेवर पडते, त्यामुळे हळू आणि जोरात दोन्ही वाजवता येतं. हार्पसिकॉर्ड मागे पडलं आणि एकोणिसाव्या शतकात जवळजवळ विसरलं गेलं. ते पुन्हा लोकांसमोर आणण्यात एका बाईचा मोठा हात आहे. पोलंडमध्ये 1879 साली जन्मलेली वांडा लांडोव्स्का. लोक म्हणत होते की हे जुनाट वाद्य आता कोण ऐकणार. तिने मैफली केल्या, शिकवलं, आणि पॅरिसच्या प्लेयेल कंपनीकडून 1912 मध्ये आपल्यासाठी खास मोठं वाद्य करून घेतलं. ते पियानोसारखं भारी बांधणीचं होतं. तिच्या हातून ते गाजलं. पण नंतरच्या कारागिरांना प्रश्न पडला, की जुनी वाद्यं इतकी हलकी असून इतकी भरून का वाजतात? अमेरिकेत बोस्टनमध्ये फ्रँक हबर्ड आणि विल्यम डाउड यांनी 1949 पासून जुनी वाद्यं मोजून, तशीच हलकी वाद्यं बनवायला सुरुवात केली. तेव्हा पुन्हा अँटवर्पच्या त्या साध्या पॉपलरच्या पेटीकडे सगळे वळले. भक्कम करायच्या नादात भार वाढवला की आवाज दबतो, हे उमगलं.

आज ‘फ्लेमिश पद्धतीचं’ हार्पसिकॉर्ड म्हणतात ते बहुतेक असं, गेल्या साठ-सत्तर वर्षांत जुन्या नमुन्यावरून बनवलेलं. खरी रुकर्स आता बहुतेक संग्रहालयांत आहेत. 1960 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये वोल्फगांग झुकरमान याने तर सुट्या भागांचे संच विकायला सुरुवात केली. लोक घरी बसून स्वतः जोडत. त्यामुळे युरोप-अमेरिकेत जुनं हार्पसिकॉर्ड विकायला निघालं, की घेणारा पहिलं विचारतो, हे जोडलं कुणी? भाग तेच, नकाशा तोच. पण एकाने चिकाटीने महिने घालवून जोडलेलं वाद्य गातं आणि दुसऱ्याने घाईत जोडलेलं खडखडतं. पापडाचं प्रमाण सगळ्यांना सारखंच दिलेलं असतं, तरी कुणाचा पापड कसा होतो हे आपल्याला ठाऊक आहेच!

तिथले जाणकार जुनं हार्पसिकॉर्ड घेताना काय पाहतात, ते सांगते.

आधी तबली पाहतात. भेग आहे का, घोडीजवळ ती खचली आहे का. बारीक भेग बुजवता येते, खचलेली तबली ही मोठी दुखणी. मग वाद्यासमोर खाली बसून पाहतात, की अंग पिळवटलं आहे का. तारांचा ताण वर्षानुवर्षं ओढत असतो, त्याने एक कोपरा वर उचलला जातो. मग खुंट्या. त्या सैल असतील, किंवा ज्या फळीत त्या ठोकल्या आहेत ती चिरली असेल, तर सूर लावला तरी उतरतो. मग तारा गंजल्या आहेत का, मध्येच भलत्या जाडीची तार घातली आहे का. मग एकेक पट्टी खालपासून वरपर्यंत दाबून पाहतात, कुठली काडी अडकते, कुठला सूर बाकीच्यांपेक्षा ओरडतो किंवा कुजबुजतो. तारांचा एकेक संच वेगळा वाजवून ऐकतात. नख्या, कापड, तारा हे झिजणारच, त्याचा खर्च धरून भाव करतात. आणि शेवटी विचारतात, की इतके दिवस हे कुठे ठेवलं होतं? कारण लाकडाला सर्वांत मोठा त्रास हवेचा. फार कोरड्या खोलीत ते आकसून चिरतं, ओलीत फुगतं. आपल्या पेटीच्या पट्ट्या पावसाळ्यात अडकतात, त्याचं कारणही तेच.

आणखी एक गोष्ट. हार्पसिकॉर्डचा सूर हवेबरोबर हलतो. ज्याच्या घरी ते आहे, त्याला स्वतः सूर लावायला शिकावंच लागतं. मोडलेली नखीही बहुतेक जण स्वतःच बदलतात. दरवेळी कारागीर बोलावणं परवडत नाही. म्हणून तिथे शहाणा गिऱ्हाईक वाद्य घेण्याआधी स्वतःला विचारतो, याची निगा राखायची माझी तयारी आहे का?

आता आपल्या गटाकडे येऊ. गटाचा पैसा म्हणजे दहा-पंधरा जणींनी महिन्याला शंभर-दोनशे करून साठवलेला पैसा. तो कुणाच्या शब्दावर घालवायचा नाही. पुढच्या वेळी जुनी वस्तू घ्यायचा विषय निघाला की पाच प्रश्न वहीत लिहून घ्या.

पहिला, या वस्तूचा जीव कशात आहे आणि तो भाग शाबूत आहे का? दुसरा, बदलावं लागेल असं काय काय आहे आणि त्याला किती खर्च येईल? तो किमतीत मिळवूनच नव्या वस्तूशी तुलना करा. तिसरा, आजवर ती कुणी वापरली, कुठे ठेवली होती, दुरुस्ती कुणी केली? चौथा, चालवून पाहिली का? आणि नुसती दोन मिनिटं नव्हे. मिरचीचं यंत्र असेल तर किलोभर मिरची घेऊन जा. पेटी असेल तर वाजवणारीला सोबत न्या आणि सगळ्या पट्ट्या दाबून पाहा. पाचवा, आपल्यातली कोण तिची निगा शिकणार? तिचं नाव ठरावात लिहा. ते नाव लिहायला कुणीच पुढे येत नसेल, तर ती वस्तू स्वस्तात मिळत असली तरी घेऊ नका. पाहायला एकटीने जाऊ नका, तिघी जा. पावती घ्या आणि सगळे पैसे आगाऊ देऊ नका.

अँटवर्पच्या त्या कारागिरांनी नाव कोरलं, कारण त्यांना आपल्या कामाची खात्री होती. नंतरच्या लोकांनी काम न पाहता नाव विकत घेतलं आणि काही जण फसले. पण ज्यांनी तबलीवर कान ठेवला, त्यांच्या घरात शंभर वर्षांची जुनी वस्तू नव्यासारखी वाजत राहिली. जुनं घेण्यात कमीपणा नाही. न पाहता घेण्यात नुकसान आहे.

पुढच्या बैठकीत हे पाच प्रश्न मोठ्याने वाचून दाखवा आणि आपल्या गटाकडे आज जी जुनी वस्तू आहे, तिलाच आधी लावून पाहा.